घरासाठी लाँगआर्म मशीन: वाचकांचे प्रश्न

घरी लाँगआर्म क्विल्टिंग मशीन (गोधडीचे थर एकत्र शिवायचं लांब हाताचं मशीन) घ्यावं का, घेतलं तर कोणतं, आणि घेतल्यावर टाका नीट का पडत नाही, याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: बाळासाठीची छोटी दुलई मी घरच्या शिलाई मशीनवर व्यवस्थित क्विल्ट करते. पण डबल बेडची गोधडी घेतली की ती मशीनच्या हाताखाली मावतच नाही. लाँगआर्मच घ्यावं लागेल का?

उत्तर: तुमचं मशीन कमकुवत नाही, त्यात जागा कमी आहे. घरगुती मशीनमध्ये सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण ६ ते ९ इंच मोकळी जागा असते. हिलाच थ्रोट म्हणतात. ९० इंच रुंदीच्या गोधडीचा मध्य शिवायचा तर ४५ इंच कापड, अस्तर आणि बॅटिंगसकट (मधल्या भरणीच्या थरासकट), गुंडाळून त्या जागेत कोंबावं लागतं. गुंडाळीचं वजन कापडाला मागे खेचतं, हात अडखळतो आणि टाके कुठे बारीक, कुठे लांब पडतात. लाँगआर्ममध्ये हीच जागा १५-१६ इंचांपासून २६ इंचांपर्यंत, काही मशीनमध्ये ३० इंचांपर्यंत असते.

खरेदीआधी एक साधा उपाय करून पाहा. गोधडी तीन उभ्या पट्ट्यांत वेगवेगळी क्विल्ट करा आणि मग पट्ट्या जोडा. सध्याच्याच मशीनवर काम होईल. जोडाच्या शिवणी मागून झाकाव्या लागतात, एवढंच जास्तीचं काम. वर्षाला एखादीच मोठी गोधडी होत असेल तर हा मार्ग पुरेसा आहे.

त्याहून जास्त काम असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, बसून चालवायचं लाँगआर्म. मशीन टेबलात पक्कं बसवलेलं असतं आणि कापड तुम्ही हलवता. आजवर जे फ्री-मोशन काम (कापड हाताने हवं तसं फिरवत शिवणं) केलं आहे ते सगळं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. जागा कमी लागते. पण तिन्ही थर आधी पिनांनी किंवा धावदोऱ्याने एकत्र धरावेच लागतात, आणि गोधडीचं वजन शेवटपर्यंत तुमच्या हातांत राहतं. म्हणून टेबल मशीनच्या तळपट्टीच्या अगदी समपातळीत हवं आणि डावीकडे व मागे भरपूर पसरलेलं हवं. कडेवरून गोधडी खाली लोंबली की सगळी सोय वाया जाते.

दुसरा मार्ग फ्रेमचा. तिन्ही थर आपापल्या रोलरवर चढतात, मधला भाग ताणून राहतो आणि चाकांच्या कॅरेजवर बसलेलं मशीन तुम्ही उभं राहून फिरवता. आधी थर जोडण्याचं काम यात पूर्ण वाचतं, आणि आमच्या मते फ्रेमचा सर्वात मोठा फायदा तोच आहे. मात्र हाताला नव्याने शिकावं लागतं: बसून काम करताना जणू पेन स्थिर आणि कागद हलतो, फ्रेमवर कागद स्थिर आणि पेन हलतं. आधीची सवय काही आठवडे आडवी येते. कागदावरच्या नक्षीवरून मशीन फिरवून काम करायचं असेल, म्हणजे पँटोग्राफ, तर ते फक्त फ्रेमवरच होतं.

महिन्याला एक मोठी गोधडी होत असेल आणि जागा असेल तर फ्रेम घ्या. वर्षाला तीन-चार होत असतील, शिवाय तुम्हाला प्रत्येक चौकटीत वेगळी नक्षी काढायला आवडत असेल, तर बसून चालवायचं मशीन घ्या.

प्रश्न: माझी खोली १० फूट बाय १२ फूट आहे. १० फुटी फ्रेम बसेल का?

उत्तर: बसेल, पण मग खोलीत दुसरं काही बसणार नाही. फ्रेमची लांबी सगळे मोजतात, तिला पुढे-मागे लागणारी जागा मोजायची राहून जाते. फ्रेम आणि त्यावर पुढे-मागे सरकणारं मशीन मिळून सुमारे ५ फूट धरा, कारण मशीन मागे ढकललं की ते फ्रेमच्या बाहेर डोकावतं. समोर उभं राहायला अडीच फूट. पँटोग्राफ मशीनच्या मागच्या बाजूने चालवतात, म्हणून मागेही किमान दोन फूट. झाले साडेनऊ फूट. लांबीच्या बाजूला १० फुटी फ्रेम गेल्यावर दोन फूट उरतात. त्यांतून तुम्हाला मागे जायचं आहे, आणि दार आत उघडत असेल तर तेही तिथेच येणार.

जमिनीवर चिकटपट्टीने फ्रेमची आकृती आखा, मशीन मागे गेल्यावर ते जिथवर येईल तिथेही पट्टी लावा आणि दोन दिवस त्या खोलीत वावरा. कपाटाचं दार, खिडकी, प्लगची जागा, सगळं कळतं.

तुमच्या खोलीला ८ फुटी फ्रेम जास्त सोयीची. फ्रेमच्या लांबीएवढी शिवण मिळत नाही हे मात्र लक्षात ठेवा. दोन्ही टोकांना मशीनची रुंदी आणि बाजूच्या क्लॅम्पची (कापड बाजूने ताणून धरणाऱ्या चिमट्यांची) जागा जाते. साधारण १२ ते २० इंच वजा करा, म्हणजे ९६ इंचांच्या फ्रेमवर ७६ ते ८४ इंच रुंदी मिळेल. नेमका आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. प्रश्न असा विचारा: ‘सुई डावीकडे शेवटच्या टोकाला आणि उजवीकडे शेवटच्या टोकाला नेली तर दोन्हींमधलं अंतर किती?’ आणि लीडर कापडाची (रोलरला जोडलेल्या, अस्तर अडकवायच्या कापडाची) रुंदी वेगळी विचारा. अस्तर वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूने ४ इंच मोठं असावं लागतं. ७६ इंचांच्या गोधडीला ८४ इंचांचं अस्तर, आणि ते लीडरवर पूर्ण मावलं पाहिजे.

८४ बाय ९६ इंचांची गोधडी असेल तर ८४ची बाजू फ्रेमवर आडवी लावा. ९६ इंच रोलरवर गुंडाळले जातात, तिथे लांबीची फारशी अडचण नसते. ५ फुटी फ्रेमवरही मोठी गोधडी होते, पण ती तुकड्यातुकड्याने सरकवून पुन्हा पुन्हा क्लॅम्प करावी लागते आणि थर आधी धावदोऱ्याने जोडून घ्यावे लागतात. म्हणजे फ्रेमचा मुख्य फायदाच जातो.

प्रश्न: १८ इंच थ्रोटचं मशीन घेतलं. प्रत्यक्षात नक्षीला १३ इंचच मिळतात, आणि गोधडी संपत आली की त्याहूनही कमी. मशीनमध्ये दोष आहे का?

उत्तर: दोष नाही. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या मशीनचा असतो. फ्रेमवर झालेलं काम ज्या रोलरवर गुंडाळलं जातं तो रोलर थ्रोटच्या आतच असतो, म्हणून त्याचा व्यास वजा होतो. शिवाय हॉपिंग फूट (सुईभोवतीचा, टाक्यागणिक वर-खाली होणारा दाबपाय) आणि मागे-पुढे थोडं अंतर सोडायला अडीच इंच धरा. २ इंच व्यासाचा रोलर असेल तर १८ उणे २ उणे अडीच, म्हणजे साडेतेरा. तुम्हाला मिळतात जवळपास तेवढेच.

आता गुंडाळी वाढते तसं काय होतं ते पाहा. १०० इंच लांबीची, पाव इंच जाडीची गोधडी २ इंचांच्या रोलरवर पूर्ण गुंडाळली तर एकूण व्यास जवळपास ६ इंच होतो. मग १८ इंचांतून उरतात साडेनऊ. जाडी अर्धी, म्हणजे आठवा भाग इंच असेल तर व्यास साडेचार इंचांपर्यंतच जातो आणि ११ इंच उरतात.

अजून खरेदी केलेली नाही अशा वाचकांनी हा हिशेब उलटा करावा. १२ इंचांची चौकट गोधडीच्या शेवटापर्यंत एका दमात शिवायची असेल, तर पातळ बॅटिंगला २० इंच थ्रोट पुरतो आणि जाड बॅटिंगला २२ इंच लागतो. बर्निनाच्या क्यू २० आणि क्यू २४ यांसारख्या नावांतला आकडा थ्रोटचाच आहे. पण तो आकडा मोठा म्हणून मशीन चांगलं, असं नाही. २६ इंचांचं मशीन वजनाने जड असतं, हात लांबवर न्यावा लागतो आणि मागच्या कडेची रेघ डोळ्यांपासून दूर जाते. बारीक नक्षी काढणाऱ्याला १८ ते २० इंचांचं हलकं मशीन जास्त ताब्यात राहतं. तुमच्याकडे मशीन आहेच, तर पातळ बॅटिंग वापरा आणि मोठ्या चौकटी गोधडीच्या सुरुवातीच्या भागात येतील असं नियोजन करा.

प्रश्न: टाके सारख्या लांबीचे ठेवणारा स्टिच रेग्युलेटर खरंच लागतो का? हात बसला की टाके सारखे येतातच ना?

उत्तर: बसून चालवायच्या मशीनवर अनेक जण रेग्युलेटरशिवाय उत्तम काम करतात. फ्रेमवर मात्र तो घ्यावा, असं आम्ही ठामपणे सांगू.

फ्रेमवर कॅरेजच्या चाकांपाशी दोन एन्कोडर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. मशीन किती सरकलं ते हे मोजतात आणि त्यानुसार मोटर वेग बदलते. इंचाला १० ते १२ टाके ही रोजच्या कामाची नेहमीची मर्यादा. बसून चालवायच्या मशीनमध्ये कापडाची हालचाल प्रकाशाच्या सेन्सरने मोजली जाते.

रेग्युलेटरलाही सीमा आहे. मिनिटाला १५०० टाके हा कमाल वेग असेल आणि इंचाला १० टाके हवे असतील तर मिनिटाला १५० इंच, म्हणजे सेकंदाला अडीच इंच हा तुमच्या हाताचा कमाल वेग. त्याहून जोरात हात फिरवला तर रेग्युलेटर काहीही करू शकत नाही, टाके लांबतात. म्हणून मिनिटाला किती टाके, हा आकडा फ्रेमच्या मशीनमध्ये महत्त्वाचा आहे. १८०० असेल तर सेकंदाला ३ इंच मिळतात.

दुकानात पाहताना एक वर्तुळ अगदी सावकाश काढा, एक जोरात, आणि एक टोकदार त्रिकोण. प्रत्येकाचे इंचातले टाके पट्टी ठेवून मोजा. एखाद्या टाक्याचा फरक चालेल. त्रिकोणाच्या टोकाशी टाक्यांचा गोळा होतो का, तेही बघा. चांगल्या मशीनमध्ये दोन पद्धती असतात: हात थांबला की सुई थांबते ती, आणि हात थांबला तरी सुई सावकाश चालू राहते ती. सरळ रेघांना पट्टी लावून शिवताना पहिली वापरा, सलग वेलबुट्टीला दुसरी.

प्रश्न: लाँगआर्मवर कपडेही शिवता येतील का?

उत्तर: नाही. त्यात कापड पुढे सरकवणारे दाते नसतात, कापड किंवा मशीन तुम्हीच हलवायचं असतं. तुकडे जोडायला आणि गोट लावायला साधं मशीन लागेलच, ते विकू नका.

प्रश्न: संगणकावर चालणारं घ्यावं का?

उत्तर: पूर्ण गोधडीभर एकच नक्षी, आणि तीही बऱ्याच गोधड्यांवर, असं काम असेल तर उपयोग होतो. पण संगणक फक्त मशीन फिरवतो. कापड लावणं, ताण ठेवणं, बॉबिन बदलणं, दोरा तुटला तर त्या जागी परत आणणं हे तुम्हालाच करायचं असतं, आणि मशीन चालू असताना खोली सोडून जाता येत नाही. आधी संगणकाशिवाय मशीन घ्या. मात्र त्याच मॉडेलला नंतर मोटर आणि पट्टे जोडता येतात ना, एवढं खरेदीआधीच विचारून ठेवा.

प्रश्न: वापरलेलं मशीन मिळतंय. पाहायला जाताना काय तपासू?

उत्तर: स्वतःचं कापड, तुम्ही वापरता तीच बॅटिंग, तुमचा दोरा आणि नवी सुई घेऊन जा. विकणाऱ्याने आधीच जमवून ठेवलेल्या नमुन्यावर मशीनची पारख होत नाही.

पहिल्यांदा मशीन बंद ठेवून कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी ढकला. ठराविक अंतराने ‘टक्’ असा झटका जाणवला तर चाकांना सपाट खड्डा पडला आहे. मशीन एकाच जागी फार दिवस उभं राहिलं की असं होतं. चाकं बदलता येतात, पण ती मिळतात का ते पाहा. मशीन सोडल्यावर आपोआप एका बाजूला सरकत असेल तर बहुधा फ्रेम समपातळीत नाही, ते पाय फिरवून सुधारतं. पण रूळ मध्येच वाकला असेल तर विचार सोडून द्या.

मग सुईपट्टी काढून हूक (सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणारा भाग) पाहा. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा हुकाच्या टोकावरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे आणि दोरा तिथेच तुटणार. सुईपट्टीच्या भोकाची कडही अशीच तपासा.

आता शिवा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि तिरकं, प्रत्येक दिशेला एक फूट, साध्या आणि भर वेगात. एकाच दिशेला टाके सुटत असतील तर हुकाचं टायमिंग, म्हणजे हूक सुईपाशी येण्याची वेळ, सरकलेलं असू शकतं. जाणकार ते तासाभरात जुळवतो, म्हणून तेवढ्यावरून नाही म्हणू नका. मात्र दुरुस्त करून, पुन्हा शिवून दाखवल्यावरच व्यवहार करा. स्क्रीनवर एकूण टाके किंवा तास दिसत असतील तर टिपून घ्या.

मशीन ११० व्होल्टचं आहे की २३० व्होल्टचं, ते मागच्या पट्टीवर वाचा. ११० व्होल्टचं मशीन २३० च्या प्लगला लावलं तर सर्किट बोर्ड जळतो. बोर्ड आणि मोटर कंपनी अजून पुरवते का, आणि पोचण्याजोग्या अंतरावर दुरुस्ती कोण करतं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. संगणकीय प्रणाली असेल तर तिचा परवाना तुमच्या नावावर होतो का, तेही विचारा.

प्रश्न: नवीन फ्रेमच्या मशीनवर वरून टाके सुरेख दिसतात. पण गोधडी उलटवली की गोलाईवर दोऱ्याच्या छोट्या पापण्या उभ्या राहिलेल्या असतात. अधूनमधून वरचा दोरा तुटतोही. टेन्शन (दोऱ्याचा ताण) किती ठेवू?

उत्तर: पापण्या दिसतात तिथे खालचा दोरा जवळपास सरळ पडलेला असतो आणि वरचा दोरा खाली ओढला जाऊन त्याच्याभोवती वळसे घेतो. याचा अर्थ खालच्या दोऱ्याच्या मानाने वरचा सैल आहे. पण लगेच वरचा स्क्रू आवळू नका, नाहीतर दोरा आणखी तुटेल. तुमच्याकडे दोन्ही तक्रारी एकत्र आहेत, म्हणून क्रमाने जा.

वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये खरोखर बसला आहे का ते ओढून पाहा, अडथळा जाणवला पाहिजे. चकत्यांवरून दोरा नुसता घसरत असेल तर कितीही आवळून उपयोग नाही. सुई नवी लावा. या मशीनच्या बऱ्याच सुयांचा दांडा गोल असतो, सपाट बाजू नसते, त्यामुळे सुई फिरलेली सहज बसते. लांब चर समोर आणि खोलगट भाग मागे, हे भिंगातून खात्री करून घ्या.

मग खालचा दोरा आधी जुळवा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबत ठेवा. ती आपोआप घसरत गेली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर एक-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. जागची हललीच नाही तर घट्ट. केसचा मोठा स्क्रू घड्याळातल्या ५ मिनिटांच्या अंतराएवढाच फिरवा आणि पुन्हा पाहा. टेन्शन मोजायचा गेज असेल तर आणखी चांगलं, कारण मग प्रत्येक दोऱ्यासाठीचा आकडा वहीत लिहून ठेवता येतो. खालचं बसलं की त्याला हात लावू नका, पुढचं सगळं वरच्या स्क्रूवर, पाव पाव फेरा फिरवत करा.

अस्तराच्या जादा कडेवर बॅटिंग आणि त्यावर कापडाचा तुकडा ठेवून चाचणी घ्या. सरळ रेघ पुरत नाही. घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने वर्तुळं काढा, आणि फ्रेमखाली वाकून आरसा धरून पाहा. गोधडी संपल्यावर कळलं तर उसवायला रात्री जातात.

टेन्शन जुळूनही पापण्या राहिल्या तर कारण बहुतेक वेगाचं असतं. गोलाईवर हात जोरात फिरला की सुई वाकते आणि टाका बंद होण्याआधीच दोरा खेचला जातो. गोलाईवर वेग कमी करा. कापडाचा ताणही बघा. ढोलकीसारखं ताणलेलं कापड फार घट्ट असतं. सुई वर येताना त्यासोबत उसळतं, टाके सुटतात, दोरा तुटतो. खालून बोट वर सरकवलं तर वरून ते चिमटीत धरता आलं पाहिजे. शेवटी हॉपिंग फूटची उंची: सुई सर्वात खाली असताना फूट आणि कापड यांमध्ये जाड कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर कापड उसळणारच.

प्रश्न: मशीनसोबत लगेच काय काय मागवून ठेवू?

उत्तर: सुया १६ आणि १८ नंबरच्या, प्रत्येकी दहा, पण त्याआधी मशीनची सुईप्रणाली, म्हणजे त्याला लागणारा सुईचा प्रकार, माहितीपुस्तकात पाहा. फ्रेमच्या अनेक मशीनना १३४ प्रणालीची सुई लागते, तर बसून चालवायच्या काही मशीनना घरगुतीच. एक जादा बॉबिन केस घ्या, म्हणजे जाड दोऱ्यासाठी वेगळं टेन्शन लावून ठेवता येईल. बॉबिन ‘एल’ आकाराच्या आहेत की ‘एम’, ते पाहून किमान दहा मागवा. ‘एम’मध्ये ‘एल’च्या जवळपास दुप्पट दोरा मावतो. दोरा ४० नंबरचा पॉलिएस्टर, कोनवर गुंडाळलेला, सुरुवातीला फिक्कट करडा. तो बहुतेक रंगांत मिसळतो आणि सुती दोऱ्याइतके बारीक तंतू हुकात सोडत नाही. पट्टी लावून काम करणार असाल तर लाँगआर्मची पट्टी पाव इंच जाडीची लागते. घरगुती मशीनसाठीची पातळ पट्टी हॉपिंग फूटखाली शिरते आणि सुई तिच्यावर आपटून मोडते. आणि मशीनचं तेल. दर दुसऱ्या बॉबिनला हे तंतू झटकून हुकाच्या खाचेत एक थेंब टाका, तेल दिल्यावर पहिले काही टाके चिंधीवर घाला.